सुकरीने भरलेला चौथा कोपरा

धानोऱ्याच्या पुढे जंगलात एक गाव आहे. तिथल्या शाळेची खिचडी बारा वर्षं सुकरी रांधते. शाळेत ती कधी बसली नाही, पण कोणता मास्तर किती पाण्यात आहे हे तिला पातेल्याशी बसून कळतं. माणसांची इतकी पक्की पारख करणारं दुसरं कोणी अख्ख्या तालुक्यात नसेल. फक्त ती परीक्षा कोणी घेत नाही, म्हणून तिचा निकालही लागत नाही.

वर्गात गोष्टींच्या पुस्तकांची एक लोखंडी पेटी होती, शहरातल्या एका संस्थेने दिलेली. पोरं मोठ्याने वाचत आणि सुकरी चुलीपाशी ऐकत बसे. हळूहळू ती पुस्तक मांडीवर घेऊन चित्राखालचं अक्षर शोधू लागली. पंचेचाळिसाव्या वर्षी मोहाच्या झाडाच्या चित्राखाली तिला 'म' सापडला, त्या दिवशी डाळ करपली. दोन पावसाळ्यांत ती बोट ठेवून ओळ वाचायला लागली. बायका हसल्या, म्हातारपणी मास्तरीण होऊन राह्यली म्हणाल्या. सुकरीने कुणाला धूप घातली नाही. आता तिला एकच हाव होती, पेटीतलं एकूण एक पुस्तक वाचून काढायचं.

आणि जुलैत संस्थेचे साहेब आले. गाडीतून उतरताना बुटाला चिखल लागला, तो काही केल्या त्यांच्या डोक्यातून उतरेना. तरी भाषण त्यांनी ठोकलंच. पेटीचा जमाना गेला, हजारो पुस्तकं आता फुकट, भिंतीवर क्यूआर कोड रंगवून देतो, फोन समोर धरा की ग्रंथालय उघडलं! टाळ्या पडल्या. गावात मोठे फोन सहा, ते सहाही सकाळीच मालकांच्या खिशात बसून रानात जातात, हे सांगायला कोणी उठलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. फुकट देणाऱ्याला विचारायची गरज काय? संस्थेच्या रंगाऱ्याने भिंतीवर कोड काढला, पेटी गाडीत चढली आणि निघून गेली. एक अस्वलाचं पुस्तक तेवढं मागे राहिलं, कारण ते सुकरीने शाळेच्या तांदळाच्या कोठीत घातलं होतं. मागितलं कोणी नाही, म्हणून दिलं नाही.

पुढे नवं खाण्याचा सण आला. नवा तांदूळ तोंडात घालायच्या आधी गावातली प्रत्येक भिंत सारवून, रंगवून निघते. बायकांनी रीतीप्रमाणे शाळेचीही भिंत घेतली. पावसाने कोडाचा खालचा भाग फिका केला होता. चित्रं काढायला गावात सुकरीचा हात पहिला, म्हणून काम तिच्याकडे आलं. तिने दूर उभं राहून पाहिलं. तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन, चौथ्यात काहीच नाही! रंगाऱ्याने पैसे पुरे घेतले आणि काम अर्धं टाकलं, असा तिने निकाल दिला. काजळीचा काळा रंग घेऊन तिने चौथा चौकोन भरला. मग डावीकडचे ठिपके उजवीकडच्या ठिपक्यांशी जुळवून घेतले. भिंत अशी देखणी झाली की शेजारच्या गावच्या बायका पाहून गेल्या.

डिसेंबरात साहेब पुन्हा आले, या वेळी संस्थेला देणगी देणाऱ्या पाहुण्यांना घेऊन. हातात अहवाल होता: या गावात रोज चाळीस वाचक. साहेबांनी ऐटीत फोन भिंतीसमोर धरला. काहीच उघडेना. पाहुण्यांनी आपले फोन धरले, तेही मुके. शाळेचे नागसेन गुरुजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभे राहिले; दर महिन्याला साहेबांचा फोन यायचा आणि चाळीसचा आकडा भरायला सांगायचा. भिंत कोणी बिघडवली म्हणून साहेब गरजले, तेव्हा सुकरी झारा घेऊन बाहेर आली.

"मीच केलं. चौथा कोना सुटला होता, म्हनून भरला," ती म्हणाली. "तीन महिने झाले सायेब. आजपर्यंत कोनी उघडाले आलाच नाई."

पाहुण्यांनी अहवालाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब घाईने म्हणाले, कोड उद्याच नवा करून देतो. नवा करा नाहीतर जुना ठेवा, आमची पेटी तेवढी परत द्या, असं सुकरीने सांगितलं. ते शक्य नाही, ती केव्हाच रद्दीत गेली, साहेब म्हणाले. ही पुस्तकं आता फोनवरच वाचायची, कागदावर छापायची परवानगी नाही.

सुकरी आत गेली आणि कोठीतून अस्वलाचं पुस्तक काढून, तांदूळ झटकत बाहेर आली. जवळ एकच पुस्तक असलेलं माणूस ते शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचतं. तिने मागचं पान उघडलं, बोट ठेवलं आणि अडखळत वाचलं, "हे पुस्तक... सर्वांसाठी खुले आहे. कोणीही... छापावे, वाटावे, बदलावे."

तिचं बोट खालच्या ओळीवर गेलं.

"हे तुमच्याच संस्थेचं नाव हाय ना सायेब? मले जोडाक्षर नीट जमत नाई."

पाहुण्यांपैकी एक बाई हसल्या आणि त्यांनी महिन्याभरात छापील पेटी पोचली पाहिजे, असं सर्वांदेखत साहेबांना बजावलं. साहेब मान डोलवत राहिले. मग ती ओळ स्वतः पाहावी म्हणून त्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केला.

सुकरीने ते सोडलं नाही. उघडं पान तिने त्यांच्यासमोर धरलं.

"इथीच वाचा," ती म्हणाली. "तुमच्या गाडीत गेलेलं पुस्तक परत येत नाई."