कडोदऱ्याची गाडी आणि भूषणचे कान

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उमेदीची सगळी वर्षं सुरतेतल्या उधन्याच्या यंत्रमागांवर घालवली. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही पाच जण. मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून कारागीर एकमेकांचे ओठ वाचतात. आबांकडून ती सवय आईला लागली, आईकडून आम्हा भावंडांना. आबांना ऐकू येत नाही हे घरात कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तोंडाकडे बघून ते प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर द्यायचे. त्या खोलीत अभ्यास करून मी बी.एस्सी. झाले. आमच्या कुळात पहिलीच. हे मी कुठंही सांगते, लाजत नाही.

आता नंदुरबारला शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत सुरतेची गाडी धरली. नवापूर मागं पडलं, व्यारा गेलं, बारडोलीजवळ दोन्ही बाजूंनी ऊस लागला. उधन्याला धाकटा भाऊ भूषण उभाच होता.

"गाडी लेट उनी ना व ताई!" (गाडी उशिरा आली ना गं ताई!)

"तू लवकर आलास हेच नवल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला कडोदऱ्याला घेऊन गेला. तिथं हायवेला त्याचं आणि त्याच्या सुरती मित्राचं, जिग्नेशचं, गाड्यांमध्ये साउंड बसवायचं दुकान आहे. दारात पांढरी गाडी. डिकी उघडली तर पिशवी ठेवायला जागा नाही, नुसते परातीएवढे ऊफर स्पीकर.

जिग्नेशनं नाश्त्याला लोचो (शेव-कांदा घातलेला, ढोकळ्यापेक्षा मऊ, पळीनं वाढावा असा पदार्थ) मागवला. वर लोणी, बाजूला हिरवी चटणी. मी प्लेट बॉनेटवर ठेवली.

"बेन, दिल मजबूत छे ने?" (ताई, काळीज घट्ट आहे ना?) असं विचारून त्यानं बटण दाबलं.

आवाज कानांत शिरायच्या आधी बरगड्यांत शिरला. नंबरप्लेट थडथडू लागली. माझी प्लेट बॉनेटवरून चालत चालत काठाला आली आणि लोचो थेट माझ्या नव्या कुडत्यावर. दोघं पोट धरून हसले. मीही हसले. काय करणार!

गाणं बंद झालं. भूषण माझ्याकडे पाठ करून बॉनेट पुसत होता. तेवढ्यात स्टुलावरचा मोठा पाना फरशीवर पडला. मी आणि जिग्नेश दचकलो. भूषणचा हात थांबलासुद्धा नाही.

मी त्याच्यासमोर गेले आणि ओढणीचा पदर तोंडावर धरून विचारलं, "भूषण, तुझं नाव काय?"

"हो ना, चटणी मस्त होती," तो म्हणाला.

जिग्नेश खिदळला. "अल्या, नाम पूछ रही है तेरा!"

मला हसू आलं नाही. मी पदर काढला. "कधीपासून?"

त्यानं हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं. मग बोलला. गेल्या रविवारी कामरेजजवळच्या मैदानात कुणाच्या गाडीचा आवाज मोठा याची स्पर्धा होती. हा काचा लावून गाडीत बसला. तेव्हापासून कानांत शिट्टी वाजते आणि माणसं लांबून बोलल्यासारखी वाटतात.

"उतरेल गं ताई. आपले कान पक्के. मागांत वाढलोय आपण!"

"आबासुद्धा हेच म्हणायचे. चल."

त्याच दुपारी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भूषणला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबायचं. कितीतरी वेळा तो नुसता बसून राहिला. मी बाहेर नखं खात होते.

"सारुं थयुं, वहेला आव्यां," (बरं झालं, लवकर आलात) डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध देते. गोंगाटापासून लांब राहायचं. पुष्कळदा ऐकणं परत येतं. पण आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दरवेळी नशीब साथ देणार नाही."

पुढचे दहा दिवस मी सुरतेतच राहिले. दुकान जिग्नेशनं सांभाळलं. आम्ही तापीकाठी फिरलो, आईच्या हातची कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा खाल्ला. रोज सकाळी आई भूषणच्या पाठीमागून हळूच हाक मारायची. सातव्या दिवशी त्यानं वळून विचारलं, "काय व माय?" (काय गं आई?) आई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली.

दुसऱ्या तपासणीत जवळपास सगळं ऐकणं परत आलेलं दिसलं. डाव्या कानात एक अगदी बारीक, उंच सूर तेवढा मंद राहिला आहे; तो बहुधा तसाच राहील.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. ज्या आवाजाचा त्रास होत नाही, तो आपल्याला पचला असं आम्ही पिढीभर समजत आलो. पुस्तकं वाचलेल्या मलाही भावाचा कान गेलेला कळायला एक पाना फरशीवर पडावा लागला.

भूषण पुन्हा दुकानात जातो. साउंड तपासताना कानांत फोमचे बोळे घालतो, गिऱ्हाइकालाही देतो, आणि स्पर्धेतून त्यानं नाव काढून घेतलं आहे. त्याला ऐकू येतं.