तासभर थांबून घेतलेली गाळणी

बोरगावची देवकाबाई संत्र्याच्या बागांत तोडणी करता करता पन्नाशीला आली. फळ हातात घेतलं की ते गोड निघेल की फुकट जाईल हे ती सांगायची, आणि सहसा चुकायची नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला मोहल्ल्याकडून जे संत्र्याचं सरबत मिळे, ते म्हणूनच दरवर्षी तिच्या हातचं असे.

पण शहाऐंशी साली घात झाला. नव्या गाळणीच्या बारीक जाळीतून रस उतरेना, म्हणून बाईनं तळव्यानं घासघासून गाळला. त्यात बिया चिरडल्या. सकाळी गोड असलेलं सरबत दुपारी मिरवणूक येईतो कडूजहर झालं. लोकांनी तोंडं वाकडी केली आणि वर्षभर तिला 'काढेवाली' म्हणून चिडवलं.

पुढल्या एप्रिलात जयंती मंडळाचा देवीदास म्हणाला, "मावशी, यंदा लाल सरबताच्या बाटल्याच आणू. तुमाले कायले तरास?"

त्रास म्हणे! देवकाबाईला ते फार लागलं. "यंदा बिघडलं तर पुन्हा सरबताचं नाव नाही घेणार," असं सांगून तिनं एक संधी मागून घेतली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. देवकाबाई पिशवीत डझनभर संत्री घालून सौंसरच्या बाजारात रामाजी भांडेवाल्याकडे गेली. तीन गाळण्या निवडल्या, त्याचेच तीन पेले मागितले आणि दुकानापुढे बसून एकेका गाळणीतून रस काढला.

रामाजी वैतागला. "बाई, गाळणी घेऊन राहिली का दुकान मांडून राहिली? ही बारीक जाळीची घ्या. मस्त आहे."

"तिनंच तर घात केला माहा. थांबा तासभर. संत्र्याचा रस लगेच नाही बोलत."

आणि ती खरंच भर उन्हात तासभर बसली. गिऱ्हाइकं हसली, पण बाई हलली नाही. मग तिनं तिन्ही पेले रामाजीपुढे ठेवले. बारीक जाळीतून घासून काढलेला रस कडू निघाला. चहाच्या गाळणीचाही थोडा कडवटच. पसरट तळाच्या, भोकाभोकांच्या ॲल्युमिनियमच्या गाळणीतून रस हात न लावता उतरला होता. गराच्या रेषा रसाबरोबर खाली गेल्या होत्या, बी मात्र एकही नाही. रामाजीनं तो पेला रिकामा केला आणि गाळणी कागदात बांधून दिली. अशी जिद्द मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

चौदा तारखेला मिरवणूक नेहमीसारखी उशिरा, तीन वाजता आली. देवकाबाई सरबताच्या ड्रमाजवळ पदराचं टोक मुठीत धरून एकेकाचं तोंड पाहत उभी होती. लोक प्यायले, परत फिरून पुन्हा प्यायले. तासाभरात ड्रम खडखडीत रिकामा झाला. तिच्या वाट्याला घोटही उरला नाही.

देवीदास खाली मान घालून जवळ आला. "मावशी, खरं सांगतो, बाटल्या आणून ठेवल्या होत्या मी घरी. माहा भरोसा नव्हता तुमच्यावर."

देवकाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ती हसली.

"माहा तरी कुठं होता, बाप्पा? रातभर झोप नाही मले."