दिल्लीतला कावळा

आधी कबूल करा, हसणार नाही. मगच सांगतो, मी माझी अब्रू स्वतःच्या हाताने कशी घालवली ते!

भिवंडीजवळ काल्हेरला आमचं नवं गोडाऊन उभं राहिलं होतं. एका कंपनीचे साहेब ते भाड्याने घेणार होते. सोमवारी सही. पण बाबांनी फतवा काढला, "पितरांच्या दिसांत सही? न्हाय म्हंजे न्हाय! साहेबाला सांग, घटस्थापनेला या."

आता एवढंच सांगायचं होतं की नाही? पण छे! मी भिवंडीत तीन महिने स्पोकन इंग्लिशचा क्लास केलेला. टाय लावणाऱ्या माणसाला पितृपक्ष सांगू? मी काय गावठी होतो? आमच्या वहीत तर 'मीटिंग पुढे कशी ढकलावी' याचं अख्खं पान होतं!

लावला फोन. "सर, समथिंग अर्जंट हॅज कम अप. मंडे आय ॲम इन पुणे."

"ओह! मंडे इव्हनिंग आय ॲम ऑल्सो इन पुणे. लेट्स मीट देअर!"

घ्या! पानावर याचं उत्तरच नव्हतं. "सॉरी सर, मॉर्निंगलाच दिल्ली. फुल वीक!" मोटारसायकलवरून जवळच्या अंबाडी गावापलीकडे न गेलेला मी, विमानाने दिल्लीला पोचलोसुद्धा.

बुधवारी आजोबांची तिथी. मी बनियन-टॉवेलवर गोडाऊनच्या ऑफिसच्या स्लॅबवर, पत्रावळ ठेवून 'काव काव' ओरडतोय. कावळा समोर बसलाय, पण घासाला शिवत नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"हाऊ इज दिल्ली?" साहेब!

"व्हेरी बिझी सर. इन अ मीटिंग."

खालून बाबा गरजले, "आरं, फोन ठेव! कावला उडंल तो!"

खाली बघतो तर बाबांच्या शेजारी साहेब. टाय लावलेले, फोन कानाला, नजर माझ्या टॉवेलवर. धरणीमाते, पोटात घे गं बाई!

"दिल्लीला कावळे बरेच दिसतात," साहेब चोख मराठीत म्हणाले. "अहो, सरळ पितृपक्ष सांगायचा ना! सोमवारी सही म्हटल्यावर माझ्या आईने माझ्याशी अबोला धरलाय. तुमचं पुणे-दिल्ली ऐकून मला वाटलं, तुम्हाला गोडाऊन द्यायचंच नाही. म्हणून तुमच्या शेजाऱ्याचं बघायला आलो होतो."

मी टॉवेल घट्ट आवळला. बाबाच पुढे झाले. "साहेब, शेजाऱ्याचं राहू दे. आधी दोन घास खाऊन जावा. सही घटस्थापनेला करू."

"चालेल!" साहेब म्हणाले. झालं! दोन मिनिटांत, मराठीत.

पण कावळा अजून हटूनच बसलेला. बाबांनी हात जोडले. "बा, गोडाऊन भाड्यानं गेलं, आता तरी शिव!" कावळा ढिम्म. "नातवाचं लगीन करतूं!" कावळ्याने पाठ फिरवली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बा, याला परत इंग्रजी न्हाय बोलू देणार..."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा वडा घेऊन पसार!