पाच दांड्यांची पेटी
रेडिओच्या तारा जोडायला डाख देताना राळेचा धूर उठला, की माझी मान अजून खाली जाते. बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. राहुरीला आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. परदेशी शिकायला गेलेल्या धाकट्या दिरांना सासूबाईंचा आवाज टेप करून पाठवायचा होता. टेप करताना आवाज जाड-बारीक करायला मालकांनी स्वतः डाख देऊन दोन पेट्या बनवल्या होत्या. एक साधी दोन बटणांची, दुसरी पाच सरकत्या दांड्यांची. "दोन बटनांचीच घे. आईचा आवाज हाय तसा जाऊ दे," असं सांगून ते दुकानात गेले. पण मी पडले मॅट्रिक पास, म्हणजे माझ्या मते सरस्वतीची धाकटी जाऊ! सासूबाईंचा आवाज रानात हाका मारून घोगरा झालेला. परदेशात कुणी ऐकला तर आपली शोभा होईल, असं मला वाटलं. कावळे ऐकू येऊ नयेत म्हणून खिडकीला घोंगडी लावली, दांड्यांची पेटी जोडली आणि जाड आवाजाच्या दांड्या पार तळाला ओढल्या. सासूबाई चिमणीसारख्या बोलू लागल्या. टेप गेली. महिन्याभराने दिरांचं पत्र आलं. सासूबाईंना पत्रं मीच वाचून दाखवायची. 'हा आवाज आईचा वाटतच नाही. तिला काय झालंय? खरं कळवा.' ती ओळ मी गिळली आणि वाचलं, 'आईचा आवाज ऐकून जीव निवला.' "बग, ल्येकानं लगीच वळखलं मला!" म्हणत सासूबाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. दिरांना मी कळवलं, आईंना सर्दी झाली होती. आता सासूबाई आणि दीर दोघंही नाहीत. पत्रातली ती ओळ मी आज पहिल्यांदा मोठ्याने वाचतेय.