कैरीला चिकटलेलं चुंबक

मी मुलांना एक खोटा माहितीपट दाखवला आणि तो खोटा आहे हे सांगायचं विसरलो.

माहितीपटही माझाच. हिंदी मुलखातलं आमचं गाव पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेलं; तिथं सेक्टर 10 मध्ये मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी दर रविवारी मराठीचा वर्ग घेतो. मुलं घरात आईशी मराठी बोलतात, उंबरा ओलांडला की हिंदी. वर्गात तर तोंडच उघडायची नाहीत. सचिवकाकांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, या महिन्यात पोरं टिकली नाहीत तर रविवारचा हॉल योगावाल्यांना. म्हणून मी मॉक्युमेंटरी काढली, म्हणजे माहितीपटाचं सोंग. आधी ती दाखवायची, मग पोरांकडून तिची लबाडी उकलून घ्यायची. मराठीत!

विषय असा : लोखंडाच्या गावाची माती, म्हणून इथल्या कैऱ्यांत लोह उतरतं आणि त्यांना चुंबक चिकटतं. मेव्हण्याला हेल्मेट घालून शास्त्रज्ञ केलं. कैरीच्या सालीखाली मागच्या बाजूनं खिळा खुपसला. चुंबक टपकन चिकटलं! स्वतःच्या करामतीवर मी इतका खूश, की तेवढंच दृश्य पुन्हा पुन्हा लावत बसलो. वेळ संपली, पोरं पळाली.

घरी जेवताना आठवलं आणि घास हातातच राहिला. आमच्या गावात हेल्मेट घातलेल्या माणसावर अविश्वास दाखवायची रीत नाही.

पुढच्या रविवारी रिकाम्या हॉलची तयारी ठेवून गेलो, तर दाराबाहेर चपलांचा ढीग! आत पिशव्या भरभरून कैऱ्या आणि फ्रिजवरून उपटून आणलेली चुंबकं. पलीकडच्या कोहका वस्तीतली एक आई पोरीसोबत जातीनं आली होती.

"मास्तर, साऱ्या मोहल्ल्याच्या कैऱ्यायले लावून पाह्यलं. एकालेही चिपकून नाही राहिलं!"

आणि मागच्या खुर्चीत सचिवकाका, हाताची घडी घालून.

मी कान पकडले. "खोटं होतं. आता तुम्हीच सांगा, खोटेपणा कुठं कुठं दिसतो?" फिल्म पुन्हा लावली.

आणि हॉल उसळला.

"रुका, रुका सर! सायंटिस्टच्या पायात स्लीपर हाये!"

"सेफ्टी शूज नसले तर प्लांटच्या गेटवरूनच वापस पाठवते."

"लोहा आहे म्हणते, पण किती, थे सांगतच नाही."

"अन् आवाज कसा भारी काढून राहिला! म्हणून तं आमाले खरं वाटलं."

मी टेबलावर थाप मारली. हेच, अगदी हेच! पुरावा नसला की भारी आवाज आणि हेल्मेट पुढं करतात. कुणी हिंदीत घसरलं की दुसरा ओरडे, "मराठीत बोल न बे!" तेवढ्यात कोहक्याची ती पोर उभी राहिली. "सर, थो कैरी फिरवूनच नाही दाखवत. एकच बाजू कावून?"

खिळा सापडला! टाळ्या, शिट्या. मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं.

सचिवकाका उठले. "रविवार तुमचाच," ते म्हणाले आणि जो काही गलका झाला, विचारू नका.

त्या भरात मी जाहीर करून टाकलं, "पुढच्या फिल्ममध्ये शास्त्रज्ञाचं काम मी स्वतः करणार!"

कोहक्याची आई कैऱ्या पिशवीत भरत होती. मानही वर न करता म्हणाली, "नका करू मास्तर. तुमच्या तोंडाकडे पाह्यलं का लहान लेकराले बी समजन, हा माणूस थापा मारून राहिला."