रंग बघायला हैदराबाद

कुरुंद्याहून माणसं हैदराबादला दवाखान्यासाठी जातात, लग्नाच्या खरेदीला जातात. आम्ही तिघी गेलो भिंती बघायला. गोष्ट जुनी आहे, आमच्याकडच्या मोबाईलला कॅमेरे यायच्या आधीची. त्यामुळे बघायचं म्हणजे जावंच लागायचं.

एका वर्षी हळदीला चांगला भाव मिळाला आणि बाबा-काका या दोघा भावांनी मिळून नवं घर बांधलं. बाहेरून रंग मात्र लागेना. आईला आकाशी हवा होता, काकूला पिवळा. दोघी जावा एकाच गॅसवर स्वयंपाक करायच्या, पण एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. निरोप सगळे माझ्यामार्फत. "सुनी, तिला सांग, वरणात मीठ टाकलंय." 'ती' तिथंच लसूण सोलत बसलेली असायची.

शेवटी काका वैतागले. "असंच चालायचं असंल तर अंगणात मधी भिंत घालू. तिकडं आकाशी, हिकडं पिवळा." नुसतं बोलले नाहीत, विटा आणून टाकल्या.

त्या विटांचं मी शाळेत बोलून दाखवलं. मी तेव्हा हिंगोलीला शाळेत शिकवत होते. आमच्या एका मॅडमचं माहेर हैदराबादचं. त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीत एका रंगाची दोन घरं सापडायची नाहीत. दाखव त्यांना, प्रत्यक्ष बघितलं की ठरेल." पत्ता घेतला आणि सुट्टी लागताच दोघींना घेऊन निघाले.

रस्ता सोपा आहे. कुरुंद्याहून जीपनं वसमत, तिथून एसटीनं नांदेड आणि पुढं रेल्वे. जनरल डब्यानं जाणार असाल तर नांदेडला लवकर पोचा, नाहीतर दारात उभं राहावं लागेल. आम्हाला जागा मिळाली. आई एका खिडकीशी, काकू समोरच्या. काकूनं धपाटे बांधून घेतले होते आणि आईनं शेंगदाण्याची चटणी. दोन्हींची भेट माझ्या मांडीवर झाली.

सकाळी सिकंदराबादला उतरलो. रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या. आमचं आईनंच ठरवलं. तिचं हिंदी ऐकून रिक्षावाल्याला आम्ही जवळपासच्याच कुठल्यातरी वाटलो असणार.

गल्ली खरंच बघण्यासारखी होती. पोपटी घराला जांभळी दारं. गुलाबी घराला लिंबू रंगाच्या खिडक्या. एका घराचा खालचा मजला नारिंगी आणि वरचा निळा, जणू वरचे भाडेकरू आपला रंग सोबत घेऊन आले होते. पायऱ्यापायऱ्यांवर तेलाच्या डब्यांत जास्वंदी.

आईनं पिशवीतून वसमतच्या दुकानातलं शेडकार्ड काढलं. ती ते भिंतीला लावून एक डोळा मिटून बघायची. लांबून रंग कसा दिसतो हे बघायला काकू पावलं टाकत रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेला जायची. आई भिंतीशी, काकू रस्त्यात आणि मधे मी हातात वही घेऊन. आम्ही कशा दिसत असू, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

गुलाबी घराची खिडकी उघडली. "आ गए! रोड चौडा करनेवाले आ गए!"

बघता बघता गल्ली बाहेर आली. एकानं पायरीवरचे डबे भराभर आत ओढले. एक बनियनवाले गृहस्थ आपल्याच कंपाउंडला पाठ लावून हात पसरून उभे राहिले. एका बाईनं आईच्या हातात सरबत दिलं आणि कानाशी लागून म्हणाली, "सामनेवालों का घर आगे है, वो तोडो." ते सामनेवालीनं ऐकलं. त्या दोघींचं वेगळं जुंपलं.

पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे पुढं आले. सगळे त्यांना चचा म्हणत होते. "कौन भेजा तुमकू?"

"कोई नै भेज्या," आई म्हणाली. "कुरुंदे से आए. घर कू कौनसा रंग देना, वो देखने."

चचांनी मान हलवली. "रंग के वास्ते इत्ती दूर? झूट भी बराबर नै बोलते तुम लोगां."

"झूट नै. हमारा झगडा है रंग पे."

"किससे?"

आईनं काकूकडं बोट दाखवलं.

"तो करो झगडा," चचा पायरीवर बसत म्हणाले. "हम देखते."

काकू माझ्याकडं वळली. "सुनी, तिला सांग..."

"बच्ची कू बीच में नक्को लाओ. सीधा बोलो."

काकूनं पदर खोचला. कितीतरी महिन्यांनी ती आईच्या तोंडाकडं बघत होती. "अक्का, पिवळ्यानं तुमचं काय बिघडलं?"

"आन् आकाशीनं तुझं?"

"रंगाचं जाऊ द्या. नांदेडला मपलं आप्रेशन झालं, तवा तुमी काहून आल्या न्हाई?"

आईचं शेडकार्ड खाली आलं. "आले व्हते की. तू झोपली व्हतीस. शेवटची यस्टी निघूस्तोवर तुझ्या पायाशी बसून व्हते."

"मंग उठवलं काहून न्हाई?"

"टाके दुखून राहिले व्हते तुझे. कशीबशी झोप लागली व्हती."

"मंग नंतर तरी सांगायचं!"

"तू बोलतच नव्हतीस. सांगू कवा?"

काकू रस्त्यातच खाली बसली आणि हमसून रडायला लागली. आई तिच्याशेजारी बसली. गुलाबी घरातली बाई "क्या बोली? क्या बोली?" विचारत डोळे पुसत होती. मी हिंदीत सांगितलं, तशी ती आणखीच रडली.

चचा उठले. "सच्चे लोगां है," त्यांनी जाहीर केलं. बनियनवाल्यांनी हात खाली घेतले.

मग आम्हाला खिचडी आणि तिच्यावर चिंचेचा आंबट खट्टा मिळाला, चहा मिळाला, दुपारी दम का मुर्ग मिळाला. प्रत्येकानं आपल्या घराचा रंग घ्यायचा आग्रह केला. सामनेवाल्यांचं भांडण मात्र आम्ही निघालो तरी चालूच होतं.

परतीच्या गाडीत दोघी एका बाकावर बसल्या आणि नांदेडपर्यंत बोलत राहिल्या. दवाखाना, माहेर, कोण आलं, कोण आलं नाही. नांदेडला उतरताना मी विचारलं, "मग रंग कोणता?" दोघींनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी कुणा परक्याच्या घराचं विचारतेय.

त्या गल्लीत जायचं असेल तर सकाळी जा, उन्हात रंग फार छान दिसतात. फक्त भिंतीला काही लावून बघू नका. मला आज ते रंग धड आठवतही नाहीत. आठवतात ते घरासमोर हात पसरून उभे राहिलेले गृहस्थ, आणि अंगणातल्या विटा बघून मी तरी काय वेगळं करत होते, असं वाटतं.

भिंतीचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही, विटा गोठ्याला लागल्या. दसऱ्याच्या आधी बाबांनी रंगाऱ्याला बोलावलं. तो डबे-ब्रश घेऊन दारात आला, तेव्हा आई आणि काकू ओट्यावर बसल्या होत्या.

"पुढल्या महिन्यात ये," काकू त्याला म्हणाली. "आमचं अजून बोलणं चालू हाये."