चूलबंद आवतणाची सरासरी

पंचवीस घरांची वाडी होती. एक फेरी मारली असती, तर पेल्यातला चहा निवायच्या आत माणसं मोजून झाली असती. मी मोजली नाहीत. मी सरासरी काढली.

मी जोयडा तालुक्यातल्या एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला स्टॅटिस्टिक्स शिकवतो. पुस्तक इंग्रजीत, पोरं घरी मराठी नाहीतर कोंकणी बोलणारी, बाजारात कन्नड. मी तिन्ही भाषांत शिकवतो आणि तिन्हीत सारखाच चुकतो.

आमचा एन.एस.एस. कॅम्प बाजारकुणंगच्या बाजूला एका वाडीतल्या शाळेत होता. वाडीची नऊ पोरं माझ्याच वर्गातली. शेवटच्या दिवशी वाडीला जेवण द्यायचं ठरलं, आणि तेही चूलबंद आवतण. म्हणजे त्या दिवशी कुठल्याच घरात चूल पेटवायची नाही. तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. डाळ, भाजी कॉलेजची. तांदूळ मात्र आमचा, असं वाडीतल्या नारायण अज्जांनी आधीच सांगून टाकलेलं. पाहुण्यांनी आपल्या गावात तांदूळ आणायचा, हे त्यांना पटेना.

प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, "सर, माणसं किती धरायची? कुणाला तरी घरोघर पाठवू या का?"

"कशाला मॅडम? स्टॅटिस्टिक्स कशाला आहे?"

वाडीच्या नऊ पोरांना उभं केलं. "तुमच्या घरी जेवणारी माणसं किती?" आकडे फळ्यावर लिहिले. बेरीज केली, नवानं भागलं. सरासरी चोवीस. चोवीस गुणिले पंचवीस घरं. सहाशे!

"सहाशे? या वाडीत?" मॅडम खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या.

"एकत्र कुटुंबं आहेत, मॅडम," मी म्हणालो. चेहरा असा, जणू खानेसुमारी मीच करून आलोय.

अज्जांना निरोप द्यायलाही मीच गेलो. सहाशे ऐकून अज्जांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. मग म्हणाले, "बरं. देऊ की."

मी खूश. रात्री छान झोप लागली.

सकाळी शाळेच्या नळावर तोंडात ब्रश घालून उभा होतो. समोर संगीता, अज्जांची नात, माझीच विद्यार्थिनी. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही.

"सर, आमच्या घरातनं तुमच्या वर्गात किती जण हाय?"

मी बोटं दाखवली. चार. ती, तिची बहीण आणि दोन चुलतभाऊ.

"घर किती? एकच न्हवं? आमच्यात पस्तीस माणसं जेवत्यात. ते पस्तीस तुम्ही फळ्यावर चारदा लिवलासा."

माझा ब्रश थांबला.

"आणि टोकाला गंगाअक्का हाय. म्हातारा-म्हातारी दोघंच. त्यांच्यातलं कॉलेजला कोण येतंय? त्यांचं घर तुमच्या फळ्यावर आलंच न्हाई. तुम्हीच शिकवलासा, हाताला गावंल ते सॅम्पल घ्यायचं न्हाई म्हणून!"

सॅम्पल म्हणजे नमुना. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शितं सगळ्या भांड्यातली हवीत. मी वरवरची उचलली होती. मोठ्या घरातून जास्त पोरं कॉलेजात येतात, छोट्या घरातून एकही नाही. पोरांना घर विचारलं की मोठीच घरं पुन्हा पुन्हा बोलतात. हे मी आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. उदाहरणासकट.

मी चूळ भरली. "बरं झालं सांगितलंस. थोडा भात उरला असता, एवढंच ना?"

"उरला असता?" ती जवळजवळ ओरडली. "घराघरातला तांदूळ गोळा करून बी पुरंना. अज्जा बियाण्याची मुडी सोडायला निघालाय. आज गिरणीला जाणार!"

मुडी म्हणजे पेंढ्यात बांधून, दोर आवळून ठेवलेलं भाताचं बियाणं. पुढची पेरणी असते ती. ती खायला काढत नाहीत.

"मग त्यांनी मला विचारलं का नाही?"

"त्यास्नी वाटलं, तुम्ही कुंभारवाड्याकडच्या वाड्यांना बी आवतण दिलंय. जेवण घालणाऱ्याला असं कसं विचारायचं?"

मी धावलो. लुंगीवर, खांद्यावर टॉवेल, हनुवटीवर पेस्ट. वाडीतली कुत्री पाठीमागे. अंगणात मुडी आणून ठेवलेली, अज्जा कोयता घेऊन दोर कुठून कापावा ते बघत होते.

"अज्जा, थांबा! चुकलं! माणसं सहाशे नाहीत!"

"मग किती हाईत?"

मी मागून धावत आलेल्या संगीताकडं बघितलं.

संगीतानं पोरं जमवली आणि घरोघर पिटाळली. मी अंगणातच बसलो, कोयत्यावर नजर ठेवून. पोरं लगेच परत आली. सहाशेच्या जागी दोनशे चाळीस. एवढा तांदूळ गोळा झालेलाच होता. मुडी होती तशी माळ्यावर गेली. माझा जीव मात्र ती पार वर पोचेपर्यंत खाली आला नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पंचवीस घरांना सॅम्पल कशाला हवं होतं?" हे मी शिकवायला हवं होतं. सगळं मोजणं जमत नसेल तेव्हा नमुना घ्यायचा. जमत असेल तेव्हा चप्पल घालायची आणि निघायचं.

दुसऱ्या दिवशी एकही चूल पेटली नाही. गंगाअक्का आणि त्यांचे म्हातारे पहिल्या पंगतीला बसले. भात बरोबर पुरला, वर कुत्र्यांपुरता उरला. मी शेवटच्या पंगतीत, जरा कोपरा धरून. अज्जा स्वतः वाढायला आले. माझ्या पत्रावळीवर भाताचा ढीग घातला, त्यावर आणखी एक.

"अज्जा, बास, बास! एवढं कोण खाणार?"

"खावा की सर," अज्जा सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमच्या हिशोबानं तुम्ही अडीच माणसं हायसा."